क्लोजरचे मन आणि क्लोजरचा हात : ब्रॅड लिजच्या चार हंगामांवरून एक चर्चा

नववी इनिंग (धागाकर्ता)

मेजर लीग बेसबॉलमध्ये एखाद्या क्लोजरने नवव्या इनिंगमध्ये हातातली आघाडी घालवली, की त्याच्या हातात वेग आहे पण छातीत धीर नाही, असा निवाडा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होऊन गेलेला असतो. तोच पिचर पुढे संघाला विजेतेपद मिळवून देतो, तेव्हा त्याच्या पोलादी मनाचे गोडवे गायले जातात. हा खेळ मन लावून पाहताना मला या दोन्ही निवाड्यांविषयी शंका वाटत आली आहे, आणि ती नीट मांडता यावी म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांचा बेसबॉलशी फारसा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सामना नऊ इनिंगचा असतो. सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, थकला किंवा मार खाऊ लागला की त्याच्या जागी येतो तो रिलीफ पिचर, आणि संघ थोड्याच धावांनी पुढे असताना शेवटची इनिंग संपवण्यासाठी ज्याला राखून ठेवतात तो क्लोजर. आपल्याकडच्या शेवटच्या षटकांच्या गोलंदाजासारखेच हे काम आहे. त्याचे यश ‘सेव्ह’ या आकड्याने मोजतात. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी मांडलेला हा आकडा १९६९ पासून अधिकृत झाला. सेव्ह एकतर मिळतो किंवा हुकतो, अधलेमधले काही नसते. क्लोजरच्या स्वभावाविषयी लोक इतक्या चटकन मत बनवतात, त्यामागे मोजण्याची ही पद्धतही आहे असे मला वाटते.

ब्रॅड लिजचे उदाहरण या विषयात सर्वांत बोलके आहे. २००४ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजकडून खेळताना त्याने १५७ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले, आणि नॅशनल लीगमधल्या (मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एक) रिलीफ पिचरांचा एका हंगामातला विक्रम मोडला. त्याच्याकडे जबर वेगाचा फास्टबॉल होता, आणि प्लेटजवळ, म्हणजे फलंदाजासमोर, येऊन एकाएकी खाली कोसळणारा स्लायडर होता. १७ ऑक्टोबर २००५ रोजी सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात ॲस्ट्रोज ४-२ असे पुढे होते, नवव्या इनिंगमध्ये दोन गडी बाद झाले होते आणि डेव्हिड एकस्टाइनवर दोन स्ट्राइक लागले होते. आणखी एक स्ट्राइक मिळाला असता, तर ॲस्ट्रोज आपल्या इतिहासात प्रथमच वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, पोहोचले असते. एकस्टाइनने डाव्या बाजूच्या फटीतून चेंडू काढला, जिम एडमंड्सला वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा पहिला बेस) मिळाला, आणि अल्बर्ट पुहोल्स समोर आला. पहिल्या स्लायडरवर पुहोल्सची बॅट साफ हुकली. दुसरा स्लायडर कोसळलाच नाही. तो उंचावर तरंगत राहिला, आणि पुहोल्सने तो डावीकडच्या भिंतीवर बांधलेल्या रेल्वेरुळांच्याही वर भिरकावून दिला. सामना ५-४ असा गेला.

ॲस्ट्रोजने पुढचाच सामना जिंकून वर्ल्ड सिरीज गाठली खरी, पण तिथे दुसऱ्या सामन्यात स्कॉट पॉडसेडनिकने लिजलाच होमरन (चेंडू मैदानाबाहेर टोलवणारा फटका) मारून सामना संपवला. हा पॉडसेडनिक त्या वर्षीच्या नियमित हंगामात एकही होमरन न मारलेला फलंदाज होता. २००६ मध्ये लिजचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, ५.२८ पर्यंत चढला आणि पुहोल्सने त्याचे मन मोडले हे जणू सर्वमान्य झाले. मात्र त्याच हंगामात त्याने ७५ इनिंगमध्ये १०४ स्ट्राइकआउट केले होते, याचा उल्लेख फार थोड्यांनी केला.

मग २००८ आले. फिलाडेल्फिया फिलीजकडून लिजने नियमित हंगामात सेव्हच्या ४१ संधींपैकी ४१ साधल्या, आणि पोस्टसीझनमध्ये, म्हणजे त्यानंतरच्या बाद फेऱ्यांत, ७ पैकी ७. २९ ऑक्टोबरच्या रात्री त्याने एरिक हिन्स्कीला स्लायडरवरच स्ट्राइकआउट करून वर्ल्ड सिरीज संपवली आणि तो माउंडसमोर (पिचरच्या उंचवट्यासमोर) गुडघ्यांवर बसला. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, त्याचा ईआरए ७.२१ झाला, त्याने ११ सेव्ह घालवले, आणि त्याच्या नावावर शून्य विजय व आठ पराभव लागले.

मनाची कणखरता हा माणसाचा स्थायी गुण असेल, तर तो २००५ मध्ये नव्हता, २००८ मध्ये आला आणि २००९ मध्ये पुन्हा निघून गेला, असे मानावे लागेल. त्यापेक्षा साधे उत्तर समोर आहे. २००९ मध्ये त्याचा गुडघा दुखावला होता आणि कोपरही धड नव्हते. ज्याचा पाय नीट भार घेत नाही, त्याचा स्लायडर वर राहतो, आणि वर राहिलेला स्लायडर मेजर लीगमधला फलंदाज सोडत नाही.

माझे म्हणणे असे की, रिलीफ पिचरच्या बाबतीत आपण ज्याला कणखरपणा म्हणतो, तो बहुतांशी एका विशिष्ट चेंडूवरचा विश्वास असतो, आणि तो चेंडू शंभर वेळा तसाच पडतो या अनुभवातून हा विश्वास येतो. न्यूयॉर्क यांकीजचा क्लोजर मारियानो रिव्हेरा याचा कटर, म्हणजे शेवटी किंचित वळणारा वेगवान चेंडू, १९९७ मध्ये रामिरो मेंडोसाबरोबर सरावाची फेकाफेक करताना आपोआप वळू लागला. तो वळणे थांबावे म्हणून त्याने आणि पिचिंग प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर यांनी आधी प्रयत्नही केले, पण ते जमले नाही. पुढे ६५२ सेव्हचा विक्रम त्याच चेंडूवर उभा राहिला. रिव्हेराचा शांतपणा सर्वांनी पाहिला आहे आणि मलाही तो मनापासून आवडतो, पण तो चेंडू हाती नसता तर त्या शांतपणाची कोणी दखल घेतली असती, असे मला वाटत नाही.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी जरूर लिहावे.

जुना प्रेक्षक

मला हे पटत नाही, आणि माझा आक्षेप ओकलंडचा क्लोजर डेनिस एकर्सली याच्या आधारावर आहे. १५ ऑक्टोबर १९८८ रोजी वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात ओकलंड ४-३ असे पुढे असताना दोन गडी बाद झाल्यावर एकर्सलीने माइक डेव्हिसला वॉक दिला, आणि दोन्ही पाय दुखावलेल्या, डॉजर्सच्या कर्क गिब्सनने ३-२ (तीन चुकीचे चेंडू, दोन स्ट्राइक) अशा स्थितीत त्याच्या स्लायडरवर होमरन मारून सामना संपवला. तो चेंडू बाहेरून आत वळणारा होता, आणि ३-२ झाले की डावखुऱ्या फलंदाजाला एकर्सली नेमका तोच टाकतो, हे डॉजर्सचे स्काउट (प्रतिस्पर्ध्यांची पाहणी करणारे) मेल डिडिए यांनी आपल्या संघाला आधीच सांगून ठेवले होते. मालिकाही ओकलंडने गमावली. इतक्या लोकांसमोर झालेला असा पराभव सहसा माणसाचा पिच्छा सोडत नाही.

त्यानंतर काय झाले ते पाहावे. १९८९ मध्ये ओकलंडने वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा शेवटचा गडी बाद करताना पहिल्या बेसवर चेंडू झेलणारा एकर्सलीच होता. १९९० मध्ये त्याने ७३ हून अधिक इनिंगमध्ये फक्त ४ वॉक दिले आणि ०.६१ चा ईआरए राखला. १९९२ मध्ये तो साय यंग (सर्वोत्तम पिचर) आणि एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) या दोन्ही पुरस्कारांचा मानकरी ठरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रॉबर्टो अलोमारने त्याला बरोबरी साधणारा होमरन मारला, हेही मी लपवत नाही. पण मुळात हा माणूस क्लोजर झाला तो कारकिर्दीची घसरण आणि दारूचे व्यसन या दोन्हींतून बाहेर पडून. १९८७ च्या सुरुवातीला त्याने उपचार घेतले आणि त्याच वर्षी मॅनेजर टोनी ला रुसाच्या संघात तो बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीफ पिचरांत, गेला. ज्या हाताने १९८६ मध्ये साधारण कामगिरी केली, तोच हात पुढे इतका अचूक झाला. त्यात मनाचा वाटा नव्हता असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गिब्सनच्या चेंडूविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला तो त्या रात्रीही आणि पुढची कित्येक वर्षेही मोकळेपणाने उत्तरे देत राहिला. असा स्वभाव कमावावा लागतो.

धावफलक

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला मी आकड्यांच्या बाजूने थोडी जोड देतो. क्लोजर एका वर्षात साठ-सत्तर इनिंग टाकतो आणि पोस्टसीझनमध्ये बहुतेकांना दहा-पंधराच मिळतात. एवढ्या थोड्या इनिंगमध्ये दोन चेंडू दोन इंच वर राहिले तरी ईआरए दुप्पट होतो. म्हणून ऑक्टोबरच्या आकड्यांवरून कोणाच्या काळजाची परीक्षा करणे धोक्याचे आहे. रिव्हेराचा अपवाद आहे, कारण त्याच्याकडे पोस्टसीझनच्या तब्बल १४१ इनिंग आहेत आणि त्यांतला ईआरए ०.७० आहे. नियमित कारकिर्दीतला त्याचा ईआरए २.२१ आहे. मोठ्या सामन्यांत तो खरोखरच अधिक चांगला खेळला, असे ज्याच्याविषयी थोड्याफार खात्रीने म्हणता येईल, असा मला तो एकटाच दिसतो.

दुसरे असे की, गुणवत्ता हा शब्दही रिलीफ पिचरच्या बाबतीत वेगळ्या मापाने घ्यावा लागतो. बहुतेक रिलीफ पिचर हे सुरुवातीचे पिचर म्हणून कमी पडलेले असतात. वेड डेव्हिसचा ईआरए २०१३ मध्ये ५.३२ होता आणि त्या वर्षी तो मुख्यतः सुरुवात करत होता. कॅन्सस सिटीने त्याला २०१४ मध्ये बुलपेनमध्ये नेले आणि ७२ इनिंगमध्ये त्याचा ईआरए १.०० झाला. पुढच्या वर्षी वर्ल्ड सिरीजचा शेवटचा स्ट्राइकआउट त्याचाच होता. त्या एका हिवाळ्यात त्याचे मन बदलले असे मानण्यापेक्षा, एकाच इनिंगसाठी सगळा जोर लावता आला आणि चारऐवजी दोन-तीन प्रकारच्या चेंडूंवर भागले, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

ह्यूस्टनवासी

त्या काळी मी ह्यूस्टनमध्येच राहत होते आणि तो सामना आम्ही चार-पाच मराठी कुटुंबांनी एकत्र बसून टीव्हीवर पाहिला. पुहोल्सचा फटका बसला तेव्हा टीव्हीच्या आवाजातही स्टेडियम एकदम गप्प झालेले ऐकू आले. तिथल्या लोकांनी लिजला पुढे किती दोष दिला हे मी दुकानांत आणि ऑफिसात रोज ऐकले आहे. मला मात्र त्या इनिंगमधले वेगळेच काही आठवते. पुहोल्सच्या आधी त्याने एडमंड्सला दिलेला वॉक. एकस्टाइनच्या सिंगलनंतर लिज चेंडू प्लेटच्या कडांवर टाकायला पाहत होता आणि ते चेंडू बाहेर जात होते. दोन गडी बाद असताना, दोन धावांची आघाडी असताना फलंदाजावर सरळ चाल करून जायला हवे होते. इथे मन आणि हात वेगळे काढता येत नाहीत, असे मला वाटते. वॉक हा हाताचा दोष दिसतो, पण कडेवरच टाकायचे हे कोणी तरी मनात ठरवलेले असते.

नववी इनिंग

ह्यूस्टनवासी यांचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते, आणि माझे म्हणणे त्यामुळे अधिक स्पष्ट करता येते. मनाचा वाटा मी नाकारत नाही. तो वाटा कोणता चेंडू निवडायचा आणि कुठे टाकायचा या निर्णयापुरता आहे, आणि तो तिथेच शोधावा, एवढेच मी म्हणतो. ‘याच्यात धीर नाही’ या वाक्यातून पिचरला काहीच शिकता येत नाही. ‘एडमंड्सला कडेवर टाकू नकोस’ या वाक्यातून येते.

जुना प्रेक्षक यांनी एकर्सलीविषयी लिहिले ते सर्व मला मान्य आहे. पण १९९० मधले ते ४ वॉक पुन्हा पाहावेत, अशी विनंती करतो. ज्याला चेंडू हवा तिथे टाकता येतो, त्याला गिब्सन विसरणे सोपे जाते.

पाणवठा

चर्चेत बियंग-ह्यून किमचे नाव अजून आले नाही याचे आश्चर्य वाटते. २००१ च्या यांकीजविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये ॲरिझोनाचा हा कोरियन क्लोजर २२ वर्षांचा होता आणि जवळजवळ जमिनीलगतून चेंडू फेकत असे. ३१ ऑक्टोबरच्या चौथ्या सामन्यात मॅनेजर बॉब ब्रेन्ली यांनी त्याला आठव्याच इनिंगमध्ये आणले. त्याने तिन्ही गडी स्ट्राइकआउट केले. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना टिनो मार्टिनेझने बरोबरी साधणारा होमरन मारला, तरी किमला दहाव्या इनिंगमध्येही ठेवले, आणि मध्यरात्र उलटल्यावर डेरेक जीटरने सामना संपवला. तोवर किमने साठहून अधिक चेंडू टाकले होते. दुसऱ्या रात्री त्यालाच पुन्हा आणले, आणि पुन्हा नवव्या इनिंगमध्ये, पुन्हा दोन बाद असताना, स्कॉट ब्रोशसने होमरन मारला. किम माउंडवर उकिडवा बसला, ते छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे आणि मन खचल्याचे उदाहरण म्हणून ते आजही छापले जाते.

एका रात्रीत साठ चेंडू टाकलेल्या रिलीफ पिचरला चोवीस तासांत परत उभे करणे हा मॅनेजरचा निर्णय होता. पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, किमने ३६ सेव्ह केले, त्याचा ईआरए २.०४ होता आणि तो ऑल-स्टार संघात होता. जे मन खचले असे सांगतात, ते मन पाच महिन्यांत इतके सावरले असेल, तर ते किती बळकट असेल! मला राग येतो तो याचा की, वापर चुकला त्याचा हिशेब कोणी मॅनेजरच्या नावावर लिहीत नाही, खेळाडूच्या स्वभावावर लिहितात.

जुना प्रेक्षक

किमच्या बाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. त्याच मालिकेच्या सातव्या सामन्यात रिव्हेरानेही आघाडी घालवली, हेही लक्षात ठेवावे. आठव्या इनिंगमध्ये तीन स्ट्राइकआउट करून आलेल्या रिव्हेराने नवव्या इनिंगमध्ये बंट (बॅटने हलकेच टेकवलेला चेंडू) उचलून दुसऱ्या बेसकडे फेकताना चेंडू भलतीकडे टाकला. शेवटी बेस भरलेले होते म्हणून इनफिल्ड (जवळचे क्षेत्ररक्षक) पुढे ओढून घेतलेले होते, आणि लुइस गोन्झालेझचा चेंडू जीटरच्या डोक्यावरून जेमतेम गवतावर जाऊन पडला. कटरने आपले काम केले होते, बॅटवर चेंडू नीट बसलाच नव्हता. हरल्यावर रिव्हेराला कोणी भित्रा म्हटले नाही, कारण तोवर त्याच्या नावावर विजेतेपदे होती. २२ वर्षांच्या किमला तेवढी पुण्याई साठवायला वेळच मिळाला नव्हता.

शांतपणे

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एका गोष्टीचा भेद आग्रहाने मांडते. कणखरपणा नसणे आणि चिंतेचा विकार असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोस्टनचा डॅनियल बार्ड २०१० आणि २०११ मध्ये ताशी शंभर मैलांच्या आसपास चेंडू टाकणारा उत्तम रिलीफ पिचर होता. २०१२ मध्ये त्याला सुरुवातीचा पिचर करण्याचा प्रयत्न झाला आणि त्याचा चेंडूवरचा ताबा सुटला. २०१३ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. त्याने निवृत्ती घेतली, ॲरिझोनाच्या संघात तरुण खेळाडूंचा मार्गदर्शक म्हणून काम केले, आणि २०२० मध्ये कोलोरॅडोकडून परत आला. २०२२ मध्ये त्याने ३४ सेव्ह केले आणि त्याचा ईआरए १.७९ होता. २०२३ च्या हंगामाच्या आरंभी तो चिंतेच्या विकारासाठी जखमींच्या यादीत गेला आणि त्याने ते कारण उघडपणे सांगितले.

सात वर्षांनी परत माउंडवर उभा राहणारा माणूस दुबळा नव्हे, आणि पुन्हा त्रास झाल्यावर तो दुबळा ठरत नाही. अँजेल्सच्या डॉनी मूरविषयी तर मी फार जपून लिहीन. १९८६ मध्ये डेव्ह हेंडरसनने त्याला मारलेल्या होमरनविषयी आणि १९८९ मधल्या त्याच्या आत्महत्येविषयी लोक एकाच वाक्यात बोलतात. तो त्या वेळी दुखापतींसह खेळत होता आणि पुढे त्याच्या आयुष्यात इतरही बरेच बिघडले होते. एका चेंडूने माणूस मेला, ही मांडणी वैद्यकीयदृष्ट्या चुकीची आहे आणि क्रूरही आहे.

धावफलक

शांतपणे यांचा प्रतिसाद सर्वांनी दोनदा वाचावा.

केवळ हाताच्या ताकदीविषयी एक भर घालतो, कारण तिचे भारतीय उदाहरण आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू वेगवान चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून पुढे आले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. २००९ मध्ये दोघेही सर्वांत खालच्या पातळीवर रिलीफ पिचर म्हणून खेळले. हा खेळ त्याआधी त्यांनी कधी खेळलेलाच नव्हता, तरी इतक्या थोड्या काळात ते व्यावसायिक फलंदाजांना बाद करू लागले, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण मेजर लीगपर्यंत दोघेही पोहोचले नाहीत. हातात वेग होता आणि जिद्दही अफाट होती. लहानपणापासून टाकलेले हजारो चेंडू तेवढे नव्हते. हे तिसरे अंग आपल्या चर्चेत राहून जात होते.

पाणवठा

मी एका शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, म्हणून धागाकर्त्यांना विचारते. ३-२ झाले की माझी पिचर माझ्याकडे पाहते. तिला मी काय सांगावे, असे तुम्हाला वाटते?

नववी इनिंग

३-२ झाल्यावर काही सांगू नये, असे मला वाटते. त्या वेळी कोणता चेंडू टाकायचा हे तिच्याशी सरावात आधीच ठरवावे, आणि रोजच्या सरावाच्या शेवटी, हात दमलेला असताना, तिला तोच चेंडू टाकायला लावावा. मेजर लीगमध्येही २०२३ पासून पिच क्लॉक आल्यावर बेस रिकामे असताना पंधरा सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करावी लागते. पूर्वीचे क्लोजर माउंडमागे फेरी मारून, रोझिन बॅग (हाताला पकड देणाऱ्या पावडरची पिशवी) हाताळून मन स्थिर करत, तो अवकाश आता उरलेला नाही, त्यामुळे निर्णय आधी झालेला असणे भाग आहे. ओकलंडने १९८० च्या दशकात हार्वी डॉर्फमन यांना मानसिक प्रशिक्षक म्हणून नेमले होते. ते मुळात शाळेतले शिक्षक होते, तेव्हा आपण या कामाला योग्य जागी आहात. तिने तो चेंडू टाकला आणि तरीही होमरन गेला, तर पुढच्या सामन्यात तिलाच पुन्हा चेंडू द्यावा, मात्र लागोपाठ दोन दिवस देऊ नये.

पाणवठा

लागोपाठ दोन दिवस मी देत नाही. बाकीचे या आठवड्यापासून करून पाहते आणि इथेच कळवते.